न्हावी, आचारी आणि एकांतांतील प्रार्थना

सार्वजनिक उपासनेचा इतिहास लिहिणें त्या मानानें सोपें असतें. देवळांच्या भिंती उभ्या असतात, धर्मसभांचे ठराव लिहून ठेवलेले असतात, उपासनेच्या ग्रंथांवर सालें छापलेलीं असतात. परंतु खोलीचें दार लावून एकटा माणूस देवाशीं काय बोलतो, याचा पुरावा कोठेंच राहत नाहीं. तें बोलणें ऐकणारा एकच, आणि तो बखर लिहीत नाहीं. म्हणून ख्रिस्ती माणसाच्या खासगी प्रार्थनेचा इतिहास हा बहुतांशीं अंधारांतला इतिहास आहे. त्यांत मधूनच एखादा कवडसा पडतो. एखादा साधा मनुष्य सरळ प्रश्न विचारतो, किंवा आपला अनुभव बोलून दाखवितो, आणि कोणीतरी तें कागदावर उतरून ठेवतो. असे दोन कवडसे विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. एक सन १५३५ मध्यें जर्मनींतील विटेनबर्ग शहरच्या एका न्हाव्यामुळें पडला. दुसरा सन १६६६ पासून पुढें, पॅरिस येथील मठांत राहणाऱ्या एका आचाऱ्यामुळें.

या दोघांची योग्यता कळावी म्हणून मागची थोडी हकीकत पाहिली पाहिजे. प्रार्थना एकांतांत करावी, ही शिकवण खुद्द ख्रिस्ताची. लोकांना दिसावी म्हणून चव्हाट्यावर उभें राहून केलेली प्रार्थना त्यानें निषिद्ध मानली, आणि शब्दांच्या नुसत्या पुनरुक्तीनें देव प्रसन्न होत नाहीं असें डोंगरावरील प्रवचनांत बजावलें. चौथ्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटांत जाऊन राहिलेल्या तपस्व्यांनीं ही आज्ञा अक्षरशः पाळली. परंतु बाहेरचें दार लावल्यानें मन आंत राहतें असें नाहीं, हें त्यांना लवकरच कळून आलें. त्यांच्या कथासंग्रहांत संत अँथनीची गोष्ट आहे. एकांतांत त्याचें मन कंटाळून व विस्कटून गेलें असतां त्याला आपल्यासारखाच एक मनुष्य दिसला. तो बसून दोरी वळी, उठून प्रार्थना करी, पुन्हां बसून दोरी वळी. अँथनीनें तोच उपाय धरला. हात आणि हृदय यांना आळीपाळीनें कामाला लावण्याची ही युक्ति फार जुनी आहे.

सहाव्या शतकांत इटलींत संत बेनेडिक्टनें मठवासीयांसाठीं जो नियम घालून दिला, त्यांत दिवसा सात वेळां व रात्रीं एकदां सर्वांनीं मिळून स्तोत्रें म्हणावयाचीं होतीं. एकट्याची प्रार्थना मात्र थोडकी आणि निर्मळ असावी, असें त्यानें लिहिलें. त्याच नियमांत मठांतील भांडींकुंडीं व हत्यारें वेदीवरच्या पात्रांइतक्याच जपणुकीनें वापरावीं, असेंही एक वाक्य आहे. त्याचें फळ सुमारें अकरा शतकांनंतर पॅरिसच्या एका स्वयंपाकघरांत दिसावयाचें होतें.

मध्ययुगांत या व्यवस्थेचा पसारा वाढला. स्तोत्रसंहितेंत १५० स्तोत्रें आहेत. तीं लॅटिन भाषेंत म्हणण्याची ऐपत साध्या माणसाला नव्हती; म्हणून त्यानें त्याऐवजीं माळेवर १५० वेळां मरियेचें नमन म्हणावें, असा प्रघात पडला. श्रीमंत घरांतून प्रहरोप्रहरींच्या प्रार्थनांचीं, सोनेरी चित्रांनीं नटलेलीं पुस्तकें असत. संन्याशाला घंटा होती, धनिकाला पुस्तक होतें, आणि दिवसभर राबणाऱ्याला माळ होती. त्या माळेनें असंख्य दुबळ्यांना आधार दिला, हें कोणीही नाकारूं नये. परंतु जेथें मोजणी आली तेथें एक धोका येतोच. संख्या पुरी झाली कीं काम झालें, असें माणसाला वाटूं लागतें.

हा धोका मार्टिन लूथरनें स्वतःच्या अंगावर सोसला होता. तो सन १५०५ मध्यें ऑगस्टिनियन मठांत शिरला. संन्याशाला ठराविक प्रहरांच्या प्रार्थना चुकवितां येत नसत. पुढें अध्यापन, प्रवचनें व कारभार यांची गर्दी झाली, तेव्हां तो आठवड्याच्या, कधीं दोन-तीन आठवड्यांच्या प्रार्थना साठवून ठेवी, आणि मग स्वतःला कोंडून घेऊन, अन्नपाणी सोडून, ती सारी थकबाकी एकदम फेडी. त्यामुळें डोकें फुटावयाची वेळ येई, झोंप उडून जाई. अखेर सन १५२० च्या सुमारास बाकी तीन महिन्यांची झाली आणि त्यानें तें खातेंच बंद केलें. ही हकीकत त्यानें उतारवयांत आपल्या पंक्तीला बसणाऱ्यांना सांगितली. तेव्हां प्रार्थना कशी करूं नये, हें शिकविण्याचा त्याला पुरता अधिकार होता. कशी करावी, हें विचारणारा मात्र कोणी तरी भेटावयास हवा होता.

तो भेटला तो पीटर बेस्केनडॉर्फ हा विटेनबर्गचा न्हावी. त्या काळचा न्हावी केस कापी व दाढी करी, तसेंच रक्त काढणें, जखमा बांधणें हींही कामें करी. गांवांत त्याला मान असे. लूथरचा तो जुना स्नेही. साध्या माणसानें प्रार्थना कशी करावी, असें त्यानें विचारलें, आणि ज्याचे ग्रंथ राजदरबारांतून वाचले जात, त्या पंडितानें सन १५३५ च्या आरंभीं आपल्या न्हाव्यासाठीं एक छोटें पुस्तक लिहून छापविलें. ‘प्रार्थनेची सोपी रीत’ अशा अर्थाचें त्याचें नांव आहे.

पुस्तकाची सुरुवातच मनाला धीर देणारी आहे. इतर उद्योगांमुळें आपलें स्वतःचें मन थंड पडतें, प्रार्थनेचा कंटाळा येतो, हें लूथर प्रथमच कबूल करतो. असें झालें कीं आपण स्तोत्रसंहिता घेऊन खोलींत जातों, किंवा लोक जमले असल्यास देवळांत जातों, आणि लहान मुलाप्रमाणें दहा आज्ञा, विश्वासाचा अंगीकार व ख्रिस्ताचीं कांहीं वचनें तोंडानें म्हणूं लागतों, असें तो सांगतो. मन तापलें म्हणजे मग प्रार्थनेला बसावें. तापण्याची वाट पाहत मात्र बसूं नये. सकाळचें पहिलें काम व रात्रींचें शेवटचें काम प्रार्थना असावी. हें एवढें आटोपूं, मग तासाभरानें प्रार्थना करूं, असा विचार मनांत आला तर त्याला शत्रु समजावें. कारण त्या एवढ्याशा कामाच्या पाठोपाठ दुसरें काम येतें आणि दिवस निघून जातो.

श्रद्धेनें केलेलें काम हीही प्रार्थनाच होय, हें जुनें मत लूथरला मान्य आहे. पण लगेच तो सावध करतो. या मताच्या आडोशानें खऱ्या प्रार्थनेची संवय मोडूं नये, आणि जीं कामें खरोखर जरुरीचीं नाहींत तीं जरुरीचीं ठरवूं नयेत. घरगृहस्थीच्या माणसाला हें वाक्य आजही टोंचेल.

पुढें तो प्रभूच्या प्रार्थनेंतील एकेक मागणी घेऊन ती स्वतःच्या शब्दांनीं कशी फुलवावी तें दाखवितो. आणि दाखवून झाल्यावर म्हणतो कीं, हे माझे शब्द पाठ करूं नका. तसें केलेंत तर ती पुन्हां बडबडच होईल. मनाला विस्तव लागावा एवढाच या नमुन्यांचा उपयोग. दहा आज्ञांसाठीं त्यानें चार पदरांची माळ सांगितली आहे. प्रत्येक आज्ञा हातीं घेऊन प्रथम पाहावें कीं ती काय शिकविते. दुसऱ्यानें, तिच्याबद्दल उपकार मानावे. तिसऱ्यानें, तिच्या बाबतींत आपलें काय चुकलें तें कबूल करावें. चौथ्यानें, ती पाळण्याचें बळ मागावें. शिकवण, आभार, कबुली आणि मागणी. हे सर्व पदर रोज पुरे झालेच पाहिजेत, असा आग्रह मात्र नाहीं. एखाद्या पदराशीं मन रमलें आणि आंतून चांगले विचार येऊं लागले, तर बाकीचें सारें सोडावें, गप्प राहावें आणि ऐकावें. त्या वेळीं देवाचा आत्मा बोलत असतो, आणि त्याचा एक शब्द आपल्या हजार शब्दांहून मोलाचा असतो. मोजणीच्या जाचांतून सुटलेल्या माणसाचा हा उपदेश आहे.

विखुरलेल्या मनाविषयींचा दृष्टांत खास पीटरसाठीं आहे. चांगल्या न्हाव्याचें लक्ष, नजर व विचार वस्तऱ्यावर आणि केसांवर खिळलेले असले पाहिजेत, आणि आपण कोठवर आलों आहों हें तो विसरतां कामा नये. तो जर भलतीकडे पाहूं लागला, गप्पांत रंगला, तर गिऱ्हाइकाचें नाक कापेल, प्रसंगीं गळाही कापेल. साध्या हजामतीला जर इतकें अवधान लागतें, तर प्रार्थनेला किती लागावें? त्याच्या जोडीला एका पुरोहिताची थट्टाही आहे. तो मुखानें स्तोत्र म्हणतां म्हणतां मध्येंच गड्याला घोडा जुंपलास का म्हणून विचारतो आणि मोलकरणीला गाय पिळावयास पाठवितो. हा पुरोहित कोणत्या देशांत व कोणत्या धर्मांत नाहीं?

पुस्तकाची कथा येथें संपती तर ती एक गोड बोधकथा झाली असती. पण इतिहास बोधकथेच्या सोयीनें चालत नाहीं. त्याच वर्षीं ईस्टरच्या सणाच्या तोंडावर पीटर आपल्या जांवयाच्या घरीं जेवावयास गेला. जांवई शिपाईगडी होता. आपल्याला अशी विद्या साधली आहे कीं कोणतेंही शस्त्र आपल्या अंगांत शिरत नाहीं, अशी बढाई तो मारूं लागला. पीटर दारूच्या अमलांत होता. त्यानें मेजावरची सुरी उचलली आणि जांवयाच्या अंगांत खुपसली. जांवई मेला. लूथरनें व राजदरबारांतील एका अधिकाऱ्यानें रदबदली केली, म्हणून पीटरचा जीव वांचला. परंतु मालमत्ता गेली आणि त्याला हद्दपार व्हावें लागलें. डेसाऊ येथें त्यानें आपले अखेरचे दिवस काढले.

ज्याच्यासाठीं प्रार्थनेचें पुस्तक लिहिलें, वस्तऱ्यावरील अवधानाचा दृष्टांत ज्याच्यासाठीं योजला, त्याच्याच हातून एका गाफील क्षणीं आपल्या मुलीचें कुंकू पुसलें गेलें. मग त्या पुस्तकाचा उपयोग काय झाला? हा प्रश्न टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पीटर ढोंगी होता, असें म्हणून कोणी सुटका करून घेईल. पण तसें मानण्यास आधार नाहीं. ढोंगी मनुष्य प्रार्थना कशी करावी असें विचारीत नाहीं. तो ती येते असें दाखवितो. पुस्तकच व्यर्थ, असें दुसरा कोणी म्हणेल. पण ज्याला असें वाटतें त्यानें त्या मेलेल्या शिपायाकडे पाहावें. आपल्या अंगाला कसलें तरी कवच आहे, आतां आपल्याला कांहीं लागणार नाहीं, हा त्याचा भ्रम होता. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना केली म्हणजे पाप आपल्याला शिवणार नाहीं, हा त्याच जातीचा भ्रम आहे. लूथरनें असें वचन कोठेंही दिलेलें नव्हतें. त्याच्या माळेंत तिसरा पदर कबुलीचा आहे, आणि तो रोजचा आहे; म्हणजे प्रार्थना करणारा रोज चुकणार हें त्यानें गृहीतच धरलें होतें. प्रार्थनेनें माणूस पडत नाहीं असें नव्हे. पडल्यावर कोणाकडे तोंड करावें तें त्याला ठाऊक असतें. डेसाऊला पीटरनें काय प्रार्थना केली तें कोणी लिहून ठेवलें नाहीं. परंतु चार पदरांपैकीं तिसरा त्याला नव्यानें शिकावा लागला असेल, यांत शंका नाहीं. त्याच्या मित्रानेंही त्याला टाकलें नाहीं, आणि ज्या पुस्तकाची सुरुवात त्याच्या नांवानें होते तें पुढें चार शतकें आणि अधिक काळ वाचलें जात राहिलें.

आतां दुसरा कवडसा. निकोला एर्मान हा लोरेन प्रांतांतील एका खेड्यांत सन १६१४ च्या सुमारास जन्मला. घरची गरिबी, शिक्षण बेताचें. अठराव्या वर्षीं हिंवाळ्यांत एक निष्पर्ण झाड त्याच्या दृष्टीस पडलें. थोड्याच दिवसांत याला पालवी फुटेल, मग फुलें, मग फळें, असा विचार त्याच्या मनांत आला, आणि त्याबरोबर देवाच्या सामर्थ्याची जी जाणीव झाली ती जन्मभर टिकली. तीस वर्षांच्या युद्धांत तो शिपाई झाला, जखमी होऊन पायानें अधू झाला, आणि पुढें एका गृहस्थाकडे चाकरीस राहिला. तेथें आपण धांदरट होतों, हातीं येईल तें फोडीत होतों, असें तो स्वतःच सांगे. सन १६४० मध्यें तो पॅरिस येथें कार्मेलाइट पंथाच्या मठांत सेवकबंधु म्हणून दाखल झाला. तेथें त्याचें नांव लॉरेन्स ठेवण्यांत आलें. आपल्या धांदरटपणाचें मठांत चांगलें प्रायश्चित्त मिळेल अशी त्याची समजूत होती. मिळालें तें स्वयंपाकघर.

स्वयंपाकाचा त्याला मनापासून तिटकारा होता. तरी तें काम त्यानें सुमारें पंधरा वर्षें केलें. मठासाठीं दारू खरेदी करावयास त्याला बर्गंडी प्रांतांत पाठवीत. त्याला ना व्यवहार कळे, ना धड चालतां येई. नावेवर पिंपांवरून लोळत लोळत त्याला सरकावें लागे. पुढें त्याला वहाणा दुरुस्त करण्याचें काम मिळालें. या माणसाशीं सन १६६६ च्या ऑगस्ट महिन्यांत जोसेफ द बोफोर नांवाच्या धर्मोपदेशकाची गांठ पडली. बोफोरनें त्याच्याशीं झालेले संवाद टिपून ठेवले. सन १६९१ च्या फेब्रुवारींत लॉरेन्स वारला. त्यानंतर ते संवाद व त्याचीं थोडीं पत्रें छापून निघालीं.

त्यांत कोणतीही चमत्कारिक साधना नाहीं. देव येथें आहे, हें मनांत धरून त्याच्याशीं सारखें बोलत राहावें, एवढीच त्याची रीत. तव्यावरची अंड्याची पोळी उलटावयाची तीही देवाच्या प्रीतीनें. त्याला प्रार्थनेची ठराविक वेळ आणि कामाची वेळ यांत पुढें पुढें फरकच वाटेनासा झाला. हें ऐकून पुष्कळांना असें वाटतें कीं हा मनुष्य जन्मतःच शांत असावा. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. पहिलीं सुमारें दहा वर्षें आपण फार सोसलें, असें तो लिहितो. आपल्या पापांचा विचार डोळ्यांपुढून हलत नसे. प्रार्थनेचा वेळ भटकणारें मन परत आणण्यांतच जाई, आणि तें पुन्हां निसटे. यांतून तो एकच गोष्ट शिकला. मन भटकलें तर त्याच्यावर चिडूं नये. चिडणें हेंही एक भटकणेंच. हलक्या हातानें त्याला परत आणावें. चूक झाली तर ती देवापुढें सरळ बोलून टाकावी आणि लगेच कामाला लागावें. चुकीभोंवतीं घुटमळत बसूं नये. आणि प्रार्थनेच्या वेळीं मन स्थिर असावें असें वाटत असेल, तर इतर वेळीं त्याला फार मोकाट सोडूं नये.

लॉरेन्स कॅथॉलिक मठवासी. परंतु त्याच्या पुस्तकाला प्रॉटेस्टंट लोकांनींही आपलें मानलें. अठराव्या शतकांत जॉन वेस्लीनें आपल्या ख्रिस्ती ग्रंथमालेंत त्याचे उतारे घेतले. ज्या दोन पंथांनीं युरोपांत एकमेकांचें रक्त सांडलें, त्यांना एका आचाऱ्याच्या प्रार्थनेविषयीं भांडावेंसें वाटलें नाहीं.

न्हाव्याला मिळालेला उपदेश आणि आचाऱ्याचा अनुभव हे वरवर पाहतां परस्परविरोधी दिसतात. एक म्हणतो, वेळ नेमा आणि दार लावा. दुसरा म्हणतो, दार उघडें असूं द्या, पळी हातांत असूं द्या. पण लॉरेन्सच्या मठांत नेमलेल्या वेळांची घंटा रोज वाजत होती, आणि ती पाळूनच तो त्यांच्या पलीकडे गेला, हें विसरूं नये. लूथर म्हणतो ती सकाळ-संध्याकाळ नसेल तर लॉरेन्सची दुपार साधत नाहीं. उलट, दुपारीं जर देवाची आठवणच नसेल, तर सकाळची प्रार्थना ही पुन्हां खात्यांतली एक नोंद होऊन बसते.

मराठी श्रोत्याला हा विषय परका वाटूं नये. न्हावी आणि प्रार्थना म्हटल्याबरोबर त्याला सेना न्हावी आठवतील. मळ्यांत विठ्ठल पाहणारे सांवता माळी आणि जात्याशीं देवाला बोलावणारी जनाबाई आठवेल. सेना पूजेंत असतां राजाचें बोलावणें आलें, तेव्हां पांडुरंग स्वतः धोकटी घेऊन गेला, अशी कथा आहे. तेथें भक्ताचें काम देव अंगावर घेतो. लूथरच्या दृष्टांतांत वस्तरा न्हाव्यानेंच सांभाळावयाचा आहे. लॉरेन्सची पळी मात्र सांवता माळ्याच्या खुरप्याला फार जवळची. हें नातें महाराष्ट्रांतील ख्रिस्ती समाजाला ज्यांनीं उघड करून दाखविलें, ते कवि नारायण वामन टिळक होत. सन १८९५ मध्यें मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि सन १९१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत अभंग, भजन व कीर्तन यांच्या वाटेनें ख्रिस्ती उपासना मराठी मनापर्यंत पोंचविली. परक्या चालींवर व भाषांतरित शब्दांत केलेली प्रार्थना ओठांवर राहते. आईच्या भाषेंतली पोटांतून येते, हें त्यांनीं ओळखलें होतें. लूथरनेंही न्हाव्यासाठीं लॅटिन सोडून जर्मन भाषाच वापरली होती.

या सर्व इतिहासांतून आपली प्रार्थना सुधारूं इच्छिणाऱ्या गृहस्थाच्या पदरांत काय पडतें? कोणताही मंत्र पडत नाहीं, आणि तो पडत नाहीं हाच पहिला लाभ. बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. दिवसाच्या दोन टोंकांना थोडा वेळ बांधून घ्यावा, आणि तो लहान असला तरी मोडूं नये. मन कोरडें असेल तर पवित्र शास्त्रांतील एखादें वचन हातीं घेऊन सुरुवात करावी. मागण्यापूर्वीं शिकावें, आभार मानावे, कबुली द्यावी. आंतून कांहीं ऐकूं आलें तर आपलें बोलणें थांबवावें. मन भटकलें तर रागावल्यावांचून परत आणावें. हातांतलें काम, मग तें कचेरींतलें असो कीं चुलीपाशींचें, देवाच्या देखत करावें. आणि एखाद्या वाईट दिवशीं सारेंच ढासळलें, तर त्याच रात्रीं, ढासळलेल्या स्थितींतच, खोलीचें दार लावावें. प्रार्थनेच्या लायक होऊन मग प्रार्थना करूं, असें म्हणणाऱ्याला ती वेळ कधींच सांपडत नाहीं.